शेवटी कोण उठलं?

माझ्या पँटच्या डाव्या खिशात अजूनही एक चावी असते. कॉलेजच्या मैदानाच्या मोठ्या गेटची. मला रिटायर होऊन दोन वर्षं झाली, त्या गेटला आता नवं कुलूप आहे आणि जुन्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही. बायको पँट धुवायला टाकताना चावी काढून फ्रिजवर ठेवते, मी ती सकाळी परत खिशात घालतो. आधी ती हसायची, आता विचारत नाही. ही खोड मला जाधव मॅडमनी लावली. मॅडम गेल्या, पण चावी घरी ठेवून बाहेर पडायची मला अजून भीती वाटते.

मुलुंडला डोंगराच्या बाजूला आमचं कॉलेज. तिथे मी जिमखान्याचा क्लार्क होतो. बॅटी मोजायच्या, जाळ्या शिवून घ्यायच्या, मुलांच्या ओळखपत्रांवर शिक्के मारायचे, असलं माझं काम. जाधव मॅडम आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपिस्ट म्हणून आल्या आणि मग कायमच्याच राहिल्या. ठेंगणा, भक्कम बांधा, सलवार-कमीज, खाली मात्र बारा महिने बूट. कमरेला पट्ट्याची पिशवी, तिच्यात कात्री, टेप, शिट्टी आणि ग्लुकोज. मुलाखतीलाही त्या ती पिशवी लावूनच आल्या होत्या म्हणे. घरची माणसं मूळची बुलढाण्याकडची, पण मॅडम घाटकोपरच्या चाळीत वाढलेल्या, विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेल्या. उजव्या हाताची करंगळी मोडून वाकडी बसलेली. चहाचा कप धरला की ती करंगळी अशी बाहेर निघायची की नवीन माणसाला वाटावं, बाई फारच नाजूक चहा पितात.

आणि मॅडम घाबरट होत्या. हे मी त्यांच्या मागे बोलत नाही, त्या स्वतःच सांगायच्या. लिफ्टमध्ये शिरायच्या नाहीत. माझ्या पुतण्याच्या लग्नाला आल्या तेव्हा आहेर देण्याआधी हॉलच्या मागच्या दाराला कडी आहे की कुलूप ते बघून आल्या. डबा उभ्याने खायच्या, मैदानाकडे तोंड करून. ऑफिसात टीव्हीवर क्रिकेट चालू असलं आणि कोणी सुंदर झेल घेतला, की आम्ही टाळ्या पिटायचो आणि मॅडम विचारायच्या, "तो उठला का?" कॅमेरा तोवर दुसरीकडे वळलेला असायचा. मग त्या पुढच्या दोन ओव्हर अस्वस्थ.

पोरांनी त्यांचं नाव भागूबाई ठेवलं होतं. भित्री भागूबाई. त्यांना ते माहीत होतं. एकदा जिन्यात दोन पोरं "भागूबाई आली रे" म्हणून पळाली, तर मॅडम वरून ओरडल्या, "पळू नका, जिना ओला आहे."

पण त्या आल्या तेव्हा अशा नव्हत्या. पहिल्या वर्षी त्या मैदानाच्या कडेला उभ्या राहून आमच्या टीमला शिव्याच काय त्या द्यायच्या बाकी ठेवायच्या. "अरे पाय धर त्याचा, पाय! हार घालतोयस का?" असं चालायचं. त्यांना घाबरायला लावलं ते एका मॅचने, आणि त्या मॅचमध्ये मीही आहे.

विद्यापीठाच्या झोनचे सामने आमच्याकडे होते. संदेश नावाचा टी. वाय. बी. कॉम.चा पोरगा डाव्या कोपऱ्यात खेळायचा. भांडुपचा, बोलका, सगळ्यांचा लाडका. आम्ही एका गुणाने मागे होतो. समोरचा चढाईला आला, संदेशने त्याचा घोटा धरला, बाकीचे पाच जण वर पडले. शिट्टी झाली. पकड झाली होती की रेघेला हात लागला होता, हे कोणालाच कळलं नाही. त्या क्षणी मैदानातली सगळी माणसं पंचाच्या हाताकडे बघत होती. गुण कोणाला देतोय ते. मीही बघत होतो आणि मॅडमही बघत होत्या. कबड्डी खेळलेलं माणूस दुसरीकडे बघूच शकत नाही.

ढिगाखाली त्या रेडरचा गुडघा संदेशच्या कानशिलावर बसला होता. तो सगळ्यांत शेवटी उठला, दुसऱ्याच्या खांद्याला धरून. गुण आम्हाला मिळाला होता, आरडाओरडा चालला होता. मॅडमनी विचारलं, "ठीक आहेस ना रे?" तो म्हणाला, "ठीक आहे मी, मॅडम." चार मिनिटं उरली होती. तो ती चार मिनिटं खेळला.

मॅच संपल्यावर बाकावर बसून त्याने विचारलं, "मॅडम, मॅच कधी सुरू होणार?" मग उलटी झाली आणि मान एका बाजूला पडली. अँब्युलन्स लवकर आली, त्यात काही वाद नाही. ती मोठ्या गेटबाहेर थांबली, कारण गेटला कुलूप होतं. ते गेट फक्त मांडवाचे ट्रक आले की उघडायचं. चावी माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली माझ्या खिशात आणि मी नाक्यावर चहा पीत उभा. बाजूच्या छोट्या दारातून स्ट्रेचर जाईना. शेवटी पोरांनी संदेशला हातांवर उचलून बाहेर नेलं. त्यात किती वेळ गेला ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही.

संदेश वाचला. डोक्याचं ऑपरेशन झालं, चालतो, जेवतो, आईला ओळखतो. पण नवीन काही त्याच्या डोक्यात टिकत नाही. चौकशी झाली, खेळात असं होतं असं लिहून कागद बंद झाला. आम्हा दोघांचं नावही त्यात नव्हतं. नाव असतं तर बरं झालं असतं असं मला पुढे कितीदा वाटलं.

आठवडाभर मॅडम आल्या नाहीत. मग एका सकाळी माझ्या टेबलासमोर उभ्या.

"राणे, चावी कुठाय?"

मी ड्रॉवर उघडून दाखवली.

"खिशात घाला. मॅच असो, नसो. आंघोळीला जाल तेव्हाच काढायची." मग त्यांनी दोनशे पानी वही टेबलावर ठेवली. "आणि हे टाइप करून द्या."

ती वही म्हणजे आमच्या अख्ख्या अभ्यासक्रमाचा जन्म. खेळाडूंच्या दुखापती कशा ओळखायच्या, कशा टाळायच्या, पडलेल्या पोराला हात कसा लावायचा आणि मुख्य म्हणजे कधी लावायचा नाही, हे शिकवणारा विद्यापीठाचा कोर्स त्यांना हवा होता. आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग पदवी, असं सगळं त्यांनी आखलं होतं. प्रत्येक मैदानावर एक तरी शिकलेलं माणूस हवं, ज्याला स्कोरशी काही देणंघेणं नाही. हे एवढंच त्यांना पाहिजे होतं, आणि हे झालं नाही तर पुढचा संदेश ठरलेलाच आहे, अशी त्यांची खात्री होती. झोपेतसुद्धा त्यांना शिट्टी ऐकू यायची, असं त्यांनी मला एकदा सांगितलं.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळासमोर मी फायली उचलायला म्हणून बरोबर गेलो होतो. तिथल्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयापुढे लिहावं लागतं की हा शिकून विद्यार्थी काय करू शकेल. मॅडमनी पहिल्याच विषयापुढे लिहिलं होतं, 'विद्यार्थ्याला भीती वाटेल.'

एक सदस्य चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, असं क्रियापद आपल्याकडे चालत नाही. विद्यार्थी स्पष्ट करेल, वर्गीकरण करेल, विश्लेषण करेल, असं लिहा. भीतीचं मूल्यमापन कसं करणार?"

"मी करते की," मॅडम म्हणाल्या.

"कसं?"

"तोंडाकडे बघून."

मंडळ हसलं. मॅडम हसल्या नाहीत. ती ओळ खोडून मी तिथेच हाताने 'वर्गीकरण करेल' असं लिहिलं आणि प्रस्ताव पुढे सरकला. बाहेर पडल्यावर रिक्षात त्या मला म्हणाल्या, "कागदावरून काढली, राणे. वर्गात ठेवणार."

वर्ग म्हणजे बॅडमिंटन हॉलच्या जिन्याखालची खोली. उपचाराचा पलंग म्हणजे टेबल-टेनिसचं अर्धं टेबल आणि वर गादी. हाडांचा सांगाडा मंजूर झाला नाही, तेव्हा मॅडम स्वतःच टेबलावर बसल्या. "माझ्यावर शिका. ही करंगळी, न बसवलेलं फ्रॅक्चर. हा गुडघा, आतली दोरी तुटलेली. हा खांदा दोनदा निखळलाय, हात लावून बघ, घाबरू नको. म्हणजे घाबर, पण हात लाव." पोरं लाजत लाजत त्यांच्या खांद्याला हात लावायची. मी दारातून बघायचो आणि मला ते कसंसंच व्हायचं. एका माणसाने अंगावरच्या सगळ्या जखमा अशा उघड्या करून दाखवायच्या म्हणजे काय ते मला आमच्या ऑफिसात बसून कळण्यासारखं नव्हतं.

त्यांची प्रॅक्टिकल परीक्षा सगळ्या विद्यापीठात गाजलेली. विद्यार्थ्याला कबड्डीची अख्खी मॅच बघायला लावायच्या आणि मग प्रश्न एकच. "ढीग उठला तेव्हा शेवटी कोण उठलं?" नुसतं नाव चालायचं नाही. कुठला हात टेकवून उठला, आधी कुठलं पाऊल टाकलं, जागेवर जाताना कोणाकडे बघत होता, सगळं सांगायचं. आणि बोलता बोलता कोणी स्कोर सांगितला की मार्क गेले. एक पोरगा रडकुंडीला आला, "पण मॅडम, आपलीच टीम खेळत होती ना." मॅडम म्हणाल्या, "माझीही होती." त्या पोराला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला आणि मी कपाटातल्या जाळ्या आवरायला लागलो.

त्यांच्या पहिल्या चांगल्या विद्यार्थ्यांत ऋतुजा होती. विक्रोळीची, काटकुळी, बोलायला फटकळ. तिची खरी परीक्षा झाली ती तिसऱ्या वर्षी.

कोर्सची संलग्नता चालू ठेवायची की नाही हे ठरवायला विद्यापीठाची समिती यायची होती, आणि ती नेमकी आमच्या फायनलच्या दिवशी आली. संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, समितीचे तिघे, सगळे सोफ्यावर. मॅटच्या कडेला ड्यूटीवर ऋतुजा. दुसऱ्या डावात आमचा सगळ्यांत चांगला रेडर पकडीत सापडला आणि शेवटी उठला. उठला, हसला, हात झटकून जागेवर गेला. ऋतुजाने खेळ थांबवायला लावून त्याला बाहेर बसवलं. चार प्रश्न विचारले. तिसऱ्याला तो अडखळला, मग म्हणाला, "यार, मस्करी करतोय मी. ठीक आहे मी."

समितीतले एक डॉक्टर होते. ते उठून आले, पोराच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "बरा दिसतोय. खेळू द्या." अध्यक्ष लांबूनच म्हणाले, "जाधव मॅडम, काय चाललंय?"

मी मॅडमच्या मागेच होतो. त्यांची वाकडी करंगळी पिशवीच्या पट्ट्यावर नुसती थडथड उडत होती. त्या भल्या भल्यांना घाबरत नाहीत असं लोक म्हणायचे, ते खोटं आहे. त्या अध्यक्षांना घाबरत होत्या, डॉक्टरांना घाबरत होत्या, कोर्स जाईल म्हणून तर त्यांचा प्राण कंठाशी आला होता. मला भीती वाटली की तोंडातून मालवणी निघते. "आता काय करूचा?" मी पुटपुटलो.

मॅडम ऋतुजाजवळ गेल्या. "ड्यूटी तुझी आहे. तू सांग."

ऋतुजाने अध्यक्षांकडे बघितलं, डॉक्टरांकडे बघितलं. तिचे ओठ पार सुकले होते. "नाही खेळायचं," ती म्हणाली.

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला भीती वाटतेय, सर."

आम्ही ती फायनल हरलो. पोराचा त्याच संध्याकाळी स्कॅन काढला, त्यात काहीही निघालं नाही. निघालं असतं तर मॅडमचा सत्कार झाला असता. समितीने कोर्सला एकच वर्ष वाढवून दिलं आणि 'निर्णयक्षमतेत परिपक्वतेची गरज' असा शेरा मारला. अध्यक्षांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं, मी फाईल धरून उभा.

"काही झालं नव्हतं की हो त्याला," अध्यक्ष म्हणाले.

"नाही झालं, सर. बरं झालं."

"ट्रॉफी गेली."

"हो सर."

एवढंच. बाहेर येऊन मॅडम जिन्यात बसून पाणी प्यायल्या. मी म्हटलं, निदान थोडं काहीतरी निघायला हवं होतं स्कॅनमध्ये. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मी जीभ चावली. म्हणाल्या, "राणे, आपण जे करतोय त्यात जिंकलो तर काहीच दिसत नाही. असंच राहणार हे." त्यानंतरची तीन वर्षं दर वर्षी समिती यायची, आणि दर वर्षी मला वाटायचं, या वेळी दुकान बंद. दर वर्षी मॅडम एक किलो वजन कमी करून ती मंजुरी मिळवायच्या.

रविवारी सकाळी त्या भांडुपला संदेशकडे जायच्या. एकदा मला घेऊन गेल्या. डोंगराच्या उतारावरची खोली, दारात तुळस, आईने पोहे केलेले. संदेश अंगाने चांगला भरलेला, स्वच्छ दाढी केलेला. मॅडमना बघून हसला आणि म्हणाला, "मॅडम, कोण जिंकलं?"

"अजून चालू आहे रे मॅच," मॅडम म्हणाल्या.

"कितीला किती?"

"मी नाही बघितलं. तू पोहे खा."

तासाभरात त्याने हे सात-आठ वेळा विचारलं असेल. मॅडमनी प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं, न कंटाळता, तेवढ्याच मायेने. परत येताना मी म्हटलं, जिंकलो म्हणून सांगून टाका ना, खूश होईल बिचारा. मॅडम म्हणाल्या, "संपली म्हटलं की त्याला कळेल की तो तिथे नव्हता. मग घाबरतो. एकदा सांगून बघितलंय मी." आता रविवारी मी जातो. मीही तेच सांगतो.

मॅडम रिटायर झाल्या त्याच वर्षी कोर्सला कायम संलग्नता मिळाली. पदवी सुरू झाली, जिन्याखालून वर्ग दुसऱ्या मजल्यावर गेला, खराखुरा सांगाडा आला, आणि ऋतुजा तिथेच शिकवायला लागली. डिसेंबरात फायनल आमच्याकडे होती, तेव्हा कॉलेजने मॅडमना पाहुण्या म्हणून बोलावलं. शाल, नारळ झालं. त्यांना सोफ्यावर बसवलं. त्या बसायला तयारच नव्हत्या, कडेला उभी राहते म्हणत होत्या, पण प्राचार्यांनी हाताला धरून बसवलं. जाता जाता माझ्यापाशी थांबल्या. मी खिसा थोपटून दाखवला. त्यांनी मान हलवली.

सकाळचे अकरा वाजले असतील. शेवटच्या चढाईला आमच्या पोरांनी पकड केली, ढीग पडला, शिट्टी झाली. मी गेटपाशी उभा होतो. इतक्या वर्षांच्या सवयीने मी पंचाकडे बघितलं नाही, उठणारी डोकी मोजली. सगळे उठले. मग आरडाओरडा झाला, खुर्च्यांवरचे लोक उठले, सोफ्यावरचे उठले. मोजता मोजता माझी नजर तिथे गेली. मॅडम उठल्या नव्हत्या.

ऋतुजा तोवर मॅट ओलांडून निघालेली होती. मी पोचलो तेव्हा ती मॅडमसमोर गुडघ्यावर बसली होती, त्यांचं मनगट धरून. मॅडमच्या कपाळावर घामाचे थेंब, डावा हात मांडीवर पडलेला, खांद्यावरची शाल घसरलेली.

"ठीक आहे गं मी," मॅडम म्हणाल्या. "ॲसिडिटी आहे. उठते."

"बसून राहा," ऋतुजा म्हणाली. आपल्या मॅडमशी ती कधी असं बोलली नव्हती. मागे न बघता तिने विद्यार्थ्याला अँब्युलन्सला फोन करायला सांगितलं, मग मॅडमकडे वळली. "नाव सांगा."

"अगं, काय वेड्यासारखं..."

"नाव सांगा, मॅडम."

"कुसुम जाधव."

"आज काय आहे?"

"फायनल."

"कोण जिंकलं?"

"मला काय माहीत," मॅडम म्हणाल्या. त्यांना बोलताना दम लागत होता. "मी तिकडे बघत नव्हते. तो सात नंबर बघ आधी. डाव्या पायावर भार देत नाहीये."

ऋतुजाने हाताच्या खुणेने एका विद्यार्थ्याला सात नंबरकडे पाठवलं आणि मनगट सोडलं नाही. मी गेटकडे धावलो. चावी कुलपात जाईना. "देवा, आता तरी उघड," असं काहीतरी मी बोलत असेन. शेवटी एका हाताने दुसरा हात धरून चावी फिरवली आणि दोन्ही झडपा भिंतीपर्यंत नेऊन टेकवल्या. अँब्युलन्स आली ती न थांबता सरळ आत, मॅटच्या कडेपर्यंत.

मॅडम त्यानंतर दोन दिवस होत्या. हॉस्पिटलात मला आत सोडलं नाही, त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या अँब्युलन्सच्या दारातूनच. स्ट्रेचर आत सरकवलं होतं, ऋतुजा शेजारी बसली होती, नाकावर नळी लावली होती. मॅडमनी मान वळवून मला शोधलं.

"राणे, गेट?"

"उघडलंय, मॅडम."

मग त्यांनी ऋतुजाकडे बघितलं. "हात थरथरतोय तुझा."

"भीती वाटतेय मला," ऋतुजा म्हणाली. ती रडत होती, पण बोटं नाडीवरच होती.

"हं," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. त्यांची करंगळी चादरीवर स्वस्थ पडली होती. संदेशच्या मॅचनंतर इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा भीतीशिवाय मी पहिल्यांदाच बघत होतो. दार बंद झालं, गाडी गेटमधून बाहेर पडली, आणि मी ती चावी मुठीत धरून तिथेच उभा राहिलो. मला आयुष्यात कधी इतकी भीती वाटली नव्हती.